डावी शिफ्ट

ऑफिसात तिला सगळे वेलांटी म्हणत. नोकरीला लागल्यालागल्याच तिने ऱ्हस्व-दीर्घावरून संपादकबाईंशी असा काही वाद घातला होता, की हे नाव तिला कायमचं चिकटलं. आता कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तीच चटकन ओ देत नसे.

ऑफिस भाषांतराचं. एक लांबलचक खोली, प्रत्येक भाषेचं एक टेबल, आणि प्रत्येक टेबलावर त्या त्या भाषेचा कीबोर्ड. फ्रेंचवाल्याच्या कीबोर्डवर साधा आकडा उमटवायलाही शिफ्ट दाबावी लागे, म्हणून तो मोबाईल नंबर टाइप करतानाही वैतागलेला असे. जर्मनवालीच्या कीबोर्डवर एकेका बटणाच्या पोटात तीन-तीन चिन्हं. वेलांटीचं टेबल सगळ्यात शेवटी, खिडकीपाशी. तिथे मराठी चाले, आणि तिचा हात बसला होता इनस्क्रिप्ट नावाच्या मांडणीवर. त्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. नुसतं बटण दाबलं की द, शिफ्ट धरून दाबलं की ध. तसाच तचा थ, पचा फ, चचा छ, लचा ळ. उजवा हात व्यंजन मारतो तेव्हा शिफ्ट धरायची डाव्या करंगळीने. नवीन कुणी शिकायला आलं की ती सांगे, "शिफ्ट म्हणजे श्वास. हलकं अक्षर उचलायचं आणि त्यात श्वास भरायचा. एवढं कळलं की झालं."

मग एका सकाळी ती न्हाणीघरात घसरली आणि डावं मनगट मोडून बसली. बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत प्लास्टर, गळ्यात झोळी. नवरा म्हणाला, "आता तरी थोडे दिवस भांडी मी घासतो, तू बघ." त्याने घासलीही, पण ती नंतर पुन्हा घासावी लागली.

घरी बसून तिला करमेना. मुलगी शाळेत, नवरा कामावर, आणि ऑफिसात कपडे धुण्याच्या यंत्राचं एक जाडजूड माहितीपुस्तक तिची वाट बघत पडलेलं. ती एका हाताने कामावर हजर झाली. कॉम्प्युटरमध्ये एक सोय असते: शिफ्ट एकदा दाबून सोडली, तरी पुढच्या अक्षरापर्यंत कॉम्प्युटर ती दाबलेलीच समजतो. एकहाती माणसांसाठीच केलेली सोय. तिने ती चालू केली आणि उजव्या हाताला कीबोर्डभर नाचवत काम सुरू केलं. द हवा तर द. ध हवा तर आधी शिफ्ट, मग द. गाडी हळू चालत होती, पण चालत होती.

एका दुपारी कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. काहीतरी नवीन त्यात भरलं गेलं होतं. वेलांटीने पुन्हा फाईल उघडली आणि ती कामात बुडून गेली. यंत्राच्या झाकणाचं प्रकरण झालं, गाळणीचं झालं. त्या दिवशी हात फार छान चालत होता. इतका, की आपण मधूनमधून गुणगुणतोय हेही तिच्या लक्षात आलं नाही.

चहाच्या वेळी तिने लिहिलेलं वरपासून वाचलं. एकही चूक नव्हती. धुलाई, फिरकी, थंड, झाकण, सगळं बरोबर. ती उठणार, तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्याकडे तिचं लक्ष गेलं. एकहाती सोयीचं चिन्ह तिथे नव्हतं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तेव्हाच ती सोय बंद पडली होती.

ती परत खुर्चीत बसली. शिफ्टकडे हात न नेता तिने उजव्या बोटाने द दाबला. द उमटला. मनात 'धागा' शब्द धरून तिने पुन्हा तेच बटण दाबलं.

ध.

आणि या वेळी ती पडद्याकडे बघत नव्हती, कीबोर्डकडे बघत होती. डाव्या कोपऱ्यातली शिफ्ट खाली गेली आणि वर आली. अगदी अलगद, सराईत करंगळीने दाबावी तशी.

खोलीत सगळे होते. फ्रेंचवाला फोनवर बोलत होता. जर्मनवाली सफरचंद खात होती. बाहेर लख्ख ऊन होतं. वेलांटीने झोळीतला हात घट्ट छातीशी धरला. मग तिने उजव्या हाताची बोटं त्या शिफ्टवर ठेवली.

बटण कोमट होतं. शेजारची सगळी गार.

माणूस भ्यायला की आधी स्वतःची समजूत घालतो. तिनेही घातली. बटण सैल झालं असेल, आत धूळ गेली असेल, ऊन त्याच कोपऱ्यावर पडत असेल. आणि खरं सांगायचं तर काम भराभर उरकत होतं. दुसऱ्या दिवशीही उरकलं. शब्द तिच्या मनात यायचा अवकाश, की शिफ्ट वेळेवर खाली. तिला जवळजवळ बरं वाटायला लागलं होतं. अवघडलेल्या बाईचं ओझं कुणी न सांगता उचलून धरावं, तसं.

मग ते जे काही होतं, ते आपल्या मनाने शिफ्ट दाबायला लागलं.

ती लिहीत होती, 'दर महिन्याला गाळणी साफ करा.' उमटलं, 'धर महिन्याला गाळणी साफ करा.' तिने खोडलं. पुन्हा 'दर' लिहिलं. पुन्हा 'धर'. पुढच्या ओळीतला 'दाब' नीट उमटला, 'दार' नीट उमटलं, 'दोरी' नीट उमटली. फक्त 'दर' म्हटलं की 'धर'. तिने तो शब्दच टाळला, 'प्रत्येक महिन्याला' असं लिहिलं, आणि सुटकेचा श्वास टाकला. संध्याकाळी संपादकबाई तिच्या टेबलापाशी आल्या.

"वेलांटी, अगं हे काय? शेवटच्या पानावर?"

शेवटच्या पानावर नुसती हमीची माहिती होती. आणि तिच्या खाली, तिने न लिहिलेलं, ओळच्या ओळ: धर धर धर धर धर.

"बटण अडकतंय," वेलांटी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मग सांगायचं नाही का? उद्या दुरुस्तीवाल्याला बोलावते."

दुरुस्तीवाला उंच, बोलघेवडा माणूस होता. आल्याआल्या म्हणाला, "काय ताई, हात तुमचा मोडला आणि आजारी कीबोर्ड पडला?" त्याने कीबोर्ड उलटा करून झटकला. स्वतः खुर्चीत बसून एका हाताने द, त, प दाबून पाहिलं. सगळं हलकंच उमटलं.

"ठणठणीत आहे की."

"मी दाबते, तुम्ही बघा," ती म्हणाली. 'धागा' म्हणत तिने द दाबला. ध आला.

त्याने मान वाकडी केली. पिशवीतून चिमटा काढून शिफ्टची टोपी उपटून बाजूला ठेवली. टोपीखाली रबराचा एक इवलासा पांढरा फुगा होता, बस्स. "आता बघू कसं अडकतंय. दाबा."

तिने दाबलं.

त्या पांढऱ्या फुग्याला मधोमध खळी पडली, आणि भरून आली.

दुरुस्तीवाला दोन पावलं मागे सरकला. त्याने फ्रेंचवाल्याच्या कपाटातून एक जादा कीबोर्ड आणला, तिचा काढून तो जोडला. "हा वेगळा आहे," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "यात डावी शिफ्ट आखूड असते. तिच्या आणि पहिल्या अक्षराच्या मध्ये एक जास्तीचं बटण घुसवलेलं असतं. आम्हीसुद्धा चुकतो यावर. लिहा काहीतरी."

तिने लिहिलं. 'थंड' लिहिताना आधी एक तिरकी रेघ उमटली, मग थ. 'फिरकी'च्या आधी तिरकी रेघ. 'झाकण'च्या आधी तिरकी रेघ. दर वेळी ते मधलं जास्तीचं बटण आधी खाली जाई, क्षणभर थबके, वर येई, आणि मग त्याच्या डावीकडची आखूड शिफ्ट खाली जाई.

"थांबा," दुरुस्तीवाला म्हणाला.

"हे सॉफ्टवेअरचं काही असेल ना, दादा?"

"सॉफ्टवेअरचं असतं तर चुकलं नसतं हो." तो हळू आवाजात बोलत होता. "बिघाडाला बटण कुठे आहे ते शोधावं लागत नाही. हे..." त्याने पुन्हा त्या बटणाकडे पाहिलं. "हे शोधतंय."

"लिहू पुढे?"

"नको."

पण तिने लिहिलं. राहवलंच नाही. आणखी एक-दोनदा तिरकी रेघ आली, मग ती येईनाशी झाली. आखूड शिफ्ट नेमकी, अचूक दाबली जाऊ लागली. नवीन कीबोर्डवर त्याचा हात बसला होता.

दुरुस्तीवाल्याने पिशवी उचलली. जाताना तो टेबलाच्या डाव्या बाजूने गेला नाही. खुर्ची सरकवून, भिंतीला घासत, उजवीकडून गेला. "ताई, माझं ऐका. असं काहीतरी वापरा, ज्यात शिफ्टच लागत नाही. रोमन अक्षरांत लिहायचं, मराठी ते आपोआप करतं. डीपुढे एच लिहिलं की ध. दोन पर्याय दाखवील, हवा तो निवडा. ते बटणच नको."

वेलांटीचा जन्म इनस्क्रिप्टवर गेलेला. पण त्या दिवशी तिने हुज्जत घातली नाही.

नवी पद्धत तिच्या हाताला जेवणात खडा लागावा तशी लागत होती, पण शिफ्ट हळूहळू निपचित पडली. पहिल्या दिवशी ती एकसारखी धडधडत होती. म्हणजे बटण वर-खाली थडथडत होतं, रिकामं, कुणाच्याही अक्षराला न चिकटता. दुसऱ्या दिवशी मधूनच एखाद्या वेळी. मग थांबलं. वेलांटीने बोट लावून पाहिलं. बटण गार होतं.

तिने त्या संध्याकाळी घरी जाताना फुलकोबी घेतली, नवऱ्याला आवडते म्हणून. मोठं काहीतरी अंगावरून गेलं असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टिकलीची वेणी घालायला बसली. टिकली म्हणजे तिची मुलगी. कपाळावरच्या जन्मखुणेमुळे हे नाव पडलेलं, आणि नुकतेच पुढचे दात पडल्यामुळे तोंडाचं बोळकं झालेलं. हात मोडल्यापासून वेणी घालणं हे काम बाबाकडे होतं, आणि बाबाची वेणी शाळेत पोचेपर्यंत सुटायची. आज आईच्या अंगात उत्साह होता. "बस, नुसती बांधून तरी देते," म्हणत तिने उजव्या हाताने कंगवा फिरवला. केसांचे तीन पेड केले. एक उचलला, मधल्यावरून नेला.

टिकली समोरच्या चित्रांच्या पुस्तकात गर्क होती. वेलांटी ऑफिसच्या विचारात. हात आपसूक चालत होता. एक पेड इकडे, एक तिकडे.

"आई, आज घट्ट घातलीस गं," टिकली म्हणाली. "बाबाला दोन्ही हातांनी पण येत नाही अशी."

वेलांटीचा हात थांबला.

तिचा डावा हात झोळीत होता. वेणी मानेपासून खाली अर्ध्याहून जास्त झाली होती. सुरेख, एकसारखी.

तिने उजव्या हातातला पेड सोडून दिला आणि हात मागे घेतला. तो पेड खाली पडला. बाकीचे दोन पडले नाहीत. मुलीच्या पाठीपासून जरा दूर, हवेत, ते ताणलेले राहिले. कुणीतरी पुढच्या पेडाची वाट बघत धरून ठेवावेत तसे.

"आई, घाल ना."

"थांब हं," ती म्हणाली. किंचाळायचं नाही एवढंच तिला कळत होतं. लेकरू भिईल. तिने टिकलीला उजव्या हाताने कवेत घेऊन पुढे ओढलं. केस ताणले गेले, टिकली "आई गं" म्हणाली, आणि मग ते दोन पेड सावकाश, एकामागून एक, तिच्या पाठीवर ठेवले गेले.

रात्रीच्या जेवणानंतर तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो चांगला माणूस होता, हसला नाही. म्हणाला, "दुखण्यावरच्या गोळ्या चालू आहेत ना तुझ्या? त्यांनी होतं असं. प्लास्टर निघू दे, मग बघू."

"आणि टिकलीचं बोलणं? ऐकलंस तू?"

"काय झालं तिच्या बोलण्याला?"

"मघाशी तिने तुझ्याकडे काय मागितलं?"

"पाणी."

"फाणी म्हणाली ती."

"अगं, दात नाहीत तिला!"

खरंच होतं ते. पुढचे दात नसले की हवा सुटते. शाळेतल्या बाईही हेच म्हणाल्या, दातांच्या डॉक्टरही. वेलांटीने मान डोलावली, आणि त्या दिवसापासून ती मुलीचा शब्दन् शब्द कान देऊन ऐकायला लागली. पुष्कळदा टिकली नीट बोले. मधूनच बोलणं जड होई. कशालाचं खशाला, तिकडेचं थिखडे. मग पुन्हा नीट. दात तर सारा वेळ पडलेलेच होते.

प्लास्टर काढायच्या दिवशी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. टिकलीची शाळा सकाळची, म्हणून वेलांटी तिलाही बरोबर घेऊन गेली. दवाखान्यात छोट्या करवतीचा आवाज आला, पांढरी पूड उडाली, आणि आतून तिचाच हात निघाला. बारीक, फिकट, सालं निघालेला. डॉक्टर म्हणाल्या, "बोटं हलवा. छान. करंगळी? करंगळी हलवा."

चार बोटं हलली. करंगळी हलली नाही.

"येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाल्या. "सवय गेली असेल तिची."

दोघी बाहेर पडल्या. दुपार टळायला आली होती. एका बाजूला दुकानांची रांग, दुसऱ्या बाजूला भरधाव गाड्या, मध्ये अरुंद पदपथ. वेलांटीने उजव्या हातात टिकलीचा हात घट्ट धरला होता. टिकली तिच्या उजवीकडून, दुकानांच्या कडेने चालत होती आणि शाळेतलं काहीबाही सांगत होती.

"मग बाई म्हणाल्या, खोण बोललं? आणि थो मुलगा फळाला..."

वेलांटीने खाली पाहिलं.

टिकलीचा दुसरा हात, दुकानांकडचा, खांद्याएवढा उचललेला होता. बोटं मिटलेली. लहान मूल मोठ्या माणसाचा हात धरतं तशी.

"टिकले, नाक पूस बघू," ती म्हणाली. आवाज साधा ठेवायला तिला सगळी ताकद लागली.

टिकलीने तो हात खाली घेतला, नाक पुसलं. "मग तो मुलगा पळाला आणि बाकाखाली लपला," ती म्हणाली. स्वच्छ. एकेक अक्षर जागच्या जागी.

पुसून झाल्यावर हात पुन्हा वर गेला. तो टिकलीने नेला नव्हता. तो उचलला गेला.

"आणि मग भाईंनी थ्याला भाहेर खाढलं."

वेलांटी थांबली. गुडघ्यांवर बसली. आपला तो सालं निघालेला डावा हात पुढे करून तिने मुलीच्या उचललेल्या मुठीला हात घातला. तिची बोटं मुलीच्या बोटांपर्यंत पोचली नाहीत. मध्ये काहीतरी होतं. कोमट, सराईत.

ते जागचं हललं नाही.

"हिला सोड," ती कुजबुजली. "मी उद्याच जुना कीबोर्ड मागून घेते. सगळं तुझ्याच हाताने लिहीन. हवं ते उमटव, मी खोडणार नाही. हिला सोड."

टिकली आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. ती घाबरली नव्हती. जराशी कंटाळली होती. ती ज्या मुठीने बांधली गेली होती, तिकडून तिला हलकेच ओढ बसली, आणि ती पुढे निघाली.

"आई," ती म्हणाली, "छळ."

वेलांटी उठली. तिच्या हातात मुलीचा एकच हात होता, तो ती सोडणार नव्हती. तो सोडला तर काय होईल, याचा विचारही तिला करायचा नव्हता. ती चालायला लागली.

समोरून एक म्हाताऱ्या बाई येत होत्या, हातात भाजीची पिशवी. पदपथ अरुंद. बाईंनी आधी वेलांटीकडे पाहिलं, मग टिकलीकडे. मग त्यांची नजर टिकलीच्या पलीकडे गेली आणि तिथून जराशी वर, मोठ्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर. त्या ओळखीचं हसल्या.

"या, या," असं म्हणून त्या दुकानाच्या पायरीवर चढून भिंतीला टेकल्या, तिघींना एका ओळीत जाता यावं म्हणून.